शिट्टी ऐकू आल्यास

एलादियो बेनेगासला कशाकशाची भीती वाटत नाही ते विचारा, म्हणजे उत्तर लवकर संपेल. बेडकाची वाटायची, विजेची वाटायची, सासूची वाटायची, बँकेच्या गोल फिरणाऱ्या दाराची तर फारच वाटायची. एकदा न्हाव्याच्या दुकानात आरशात स्वतःलाच अचानक बघून "कोण आहे?" म्हणून ओरडला, आणि समोरच्यानं उत्तर दिलं नाही म्हणून आणखी घाबरला. आता तुम्ही म्हणाल, असा माणूस संशोधक कसा झाला? अहो, संशोधन म्हणजे काय वाघाची शिकार आहे? चिपाचं संशोधन होतं ते.

चिपा म्हणजे मंडिओका कंदाच्या पिठात चीज, अंडी, चरबी आणि बडीशेप घालून भाजलेली कडी. मोठ्या कडबोळ्याएवढी. सकाळी भट्टीतून निघाली की लोण्यासारखी असते. दुपारी रबर होते, आणि संध्याकाळी तिचा दगड होतो. आमच्या इताकुआ गावात शिळ्या चिपानं दारं अडवतात, कुत्री हाकलतात. शेजारच्या काराई, म्हणजे श्रीयुत, सिंदुल्फोचे वरचे दात एका मंगळवारच्या चिपात राहिले ते राहिलेच. चिपा फुटेना, म्हणून दातही मिळेनात. शेवटी ती तशीच कपाटात ठेवली आहे. पाहुणे आले की दाखवतात.

तर गावातल्या चिपा कारखान्याची मालकीण दोन्या, म्हणजे बाईसाहेब, दिग्ना सामुदिओ हिच्या डोक्यात आलं की दहा दिवस मऊ राहणारी चिपा काढायची आणि स्पेनला पाठवायची. गावातल्या निम्म्या पोरी तिकडे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेल्या आहेत, आणि रात्री चिपाच्या आठवणीनं रडतात. या कामासाठी दिग्नानं कारखान्याच्या मागची खोली रिकामी केली, तिथे एक भट्टी ठेवली, दारावर 'संशोधन व विकास' अशी पाटी ठोकली आणि आत एलादियोला बसवलं. शेतकी कॉलेजची पदवी होती त्याच्याकडे, आणि आमच्याकडे तेवढ्यावर माणसाला इंजिनियर म्हणतात. आईनं ती देवघरात काचेत लावली होती, कुमारी मातेच्या जरा वरच.

ते दिवस काय सुखाचे होते म्हणून सांगू! आज ताकाचं पाणी जास्त, उद्या चरबी कमी, परवा मधेच लहर आली म्हणून अवोकाडो. ती हिरवी चिपा पाद्रीबाबांच्या कुत्र्यानं हुंगली आणि सरळ चर्चमध्ये जाऊन बसला. जेवायच्या आत एलादियो तीनदा बेत बदलायचा आणि कुणी 'का' म्हणून विचारायचं नाही. फसलेलं सगळं सिंदुल्फोच्या डुकरांना जायचं. डुकरं गुटगुटीत आणि एलादियो खूश. पण चिपा काही मऊ राहीना.

मग स्पेनच्या दुकानदारानं कळवलं, गुणवत्तेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय आम्ही तुमच्या चिपाला हातसुद्धा लावणार नाही. दिग्नानं राजधानीतून, आसुन्सिओनहून, एक सल्लागार बोलावला. टोकदार बुटांचा. तो एकच वाक्य बोलला आणि दुपारच्या बसनं परत गेला. "जे करता ते लिहा. जे लिहिलं तेच करा."

हे वाक्य धीट माणसाला सांगितलं असतं तर त्यानं चार ओळी लिहून हात झटकले असते. ते सांगितलं एलादियोला! त्याला वाटलं, एखादी गोष्ट लिहायची राहिली तर पोलीस येतील. तो घाम पुसत पुसत 'गुणवत्ता योजना' म्हणून सगळं लिहीत सुटला. अंडं डाव्या हातानं फोडावं, कारण उजवा खांदा दुखतो. कणीक पेरूच्या लाकडाच्या पळीनं ढवळावी. ढवळण्याआधी क्रूसाची खूण करावी. कड्या ओल्या केळीच्या पानाखाली चाळीस मिनिटं ठेवाव्यात. खोलीत मोबाइल आणू नये, कारण तो वाजला की दचकायला होतं.

भट्टीवरची न्या ब्लासिदा, म्हणजे ब्लासिदाबाई, हे सगळं मागून वाचत होती. म्हातारी खमकी. कारखाना तिच्या बोलण्यावर चालतो, असं तिचं स्वतःचं मत होतं.

"सगळं लिहितोयस ना?" ती म्हणाली. "मग दुपारच्या मधाचं पण लिही."

एलादियोनं पेन खाली ठेवलं. "न्या ब्लासिदा, ते कसं लिहू? ते मानकात बसणार नाही."

"नको बसवूस. मग दुपारी एकटा तू बस इथे, मधाची वाटी न ठेवता. माझं काय जातंय?"

आता हे मधाचं प्रकरण असं आहे की... जरा हळू बोलते हं. दुपारी, सगळं गाव जेवून वामकुक्षी घेत असतं, ऊन पांढरंफेक पडलेलं असतं, कुत्रंसुद्धा भुंकत नाही, त्या वेळी तो फिरतो. कमरेएवढा. सोनेरी केसांचा. हातात काठी. जासी जातेरे त्याचं नाव, पण दुपारी ते कुणी घेत नाही. जो झोपत नाही त्याला शिट्टी घालून बोलावतो आणि रानात घेऊन जातो. मध त्याला फार आवडतो. म्हणून आमच्याकडे खिडकीत मधाची वाटी ठेवायची, आणि काहीही झालं तरी दुपारी शिट्टी घालायची नाही. घातली तर त्याला वाटतं, आपल्यालाच बोलावलं. एलादियोच्या बायकोचे, झुनिल्दाचे, एक मामा होते. त्यांनी एकदा दुपारी कुत्र्याला शिट्टी घातली. कुत्रा आला, मामा गेले. बऱ्याच दिवसांनी सापडले ते नदीकाठी, केस मधानं चिकटलेले. त्यानंतर जन्मभर ते फक्त मधमाश्यांशी बोलले. आणि मधमाश्या त्यांचं ऐकायच्या, ही आणखी गंमत.

तर एलादियोनं लिहिलं. नाव लिहायची छाती नव्हती, म्हणून 'बाहेरचे संबंधित पक्ष' असं लिहिलं. म्हातारीनं पुढचं कलम तोंडी सांगितलं, ते जसंच्या तसं उतरवलं: 'शिट्टी ऐकू आल्यास सर्वांनी हातातलं काम टाकून बाहेर जावं, आणि सावल्या लांब होईपर्यंत परत येऊ नये.'

दिग्नानं न वाचता सही केली. चळत राजधानीला सल्लागाराकडे गेली, त्याला ती जाड दिसली, त्यानं न वाचता शिक्का मारला. झालं! भिंतीवर तात्पुरतं प्रमाणपत्र लागलं. पक्कं मिळायचं ते वर्षअखेर ऑडिटर येऊन बघून गेल्यावर.

आणि त्या दिवसापासून एलादियोच्या संशोधनाच्या पायात बेडी पडली.

पहिल्या आठवड्यात पळी मोडली. दुसरी घ्यायची तर दुसरी होती संत्र्याच्या लाकडाची, आणि लिहिलं होतं पेरूचं. बदल करायचा तर बदल समिती बसायला हवी. समिती म्हणजे दिग्ना, ब्लासिदा आणि एलादियो. दिग्ना गावाला गेलेली. ती आली तर ब्लासिदाची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू. ती संपली तर एलादियोला ताप. तोवर बिचाऱ्यानं मोडकी पळी दोरीनं बांधून वापरली. खांदा बरा झाला, तरी अंडी डाव्याच हातानं. निम्मी बाहेर पडायची. रात्री अंथरुणात छान कल्पना सुचायची, की चला, जरा आंबलेलं पीठ घालून बघू. पण कल्पनेला आधी अर्ज करावा लागे, मग तिला रांगेत उभं राहावं लागे, मग तिच्यावर बैठक. तिची पाळी येईपर्यंत ती बिचारी स्वतःच आंबून जायची. शेवटी असं झालं की कल्पना सुचली की एलादियो घाबरून डोक्यावरून पांघरूण घ्यायचा.

"काय झालं?" झुनिल्दा विचारायची.

"सुचतंय काहीतरी."

"पाणी पी आणि झोप. जाईल."

अशात दिग्नानं त्याला बोलावलं. दिग्ना दिसायला ठेंगणी, पण खुर्चीत बसली की खुर्ची उभी राहिल्यासारखी वाटायची.

"इंजिनियर, हा गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी ऑडिटर येतोय. त्याच्या डोळ्यांसमोर योजनेप्रमाणे एक चिपा करायची आणि ती मऊ राहील असं दाखवायचं. जमलं तर ठीक. नाही जमलं तर मी त्या खोलीला कुलूप घालणार."

"आणि मी, दोन्या?"

"बसस्टँडवर टोपली घेऊन. डोक्यावर."

एलादियोनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आमच्याकडे बसमध्ये चिपा विकतात त्या बाया. कडक इस्तरीचा एप्रन, डोक्यावर टोपली, हात सोडून चालणं, डौल असा की ड्रायव्हरनं बस थांबवावी. पुरुषानं हे करायचं! तेही इंजिनियरनं! त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. सगळी बस खिदळतेय, 'ए इंजिनियर, दोन दे, मऊ बघून दे!' आणि पुढच्याच सीटवर आई, मांडीवर पदवीची काच.

त्या दिवशी तो जेवला नाही. दुपारी सगळे घरी गेले, हा खोलीतच राहिला. कड्या वळल्या, ओल्या पानाखाली ठेवल्या, आणि चाळीस मिनिटं मोजत बसला. बाहेर ऊन असं की कोंबड्यांची सावली कोंबड्यांच्या पोटाखाली दडलेली. पान हलत नव्हतं. आणि खिडकीखालून कुणीतरी शिट्टी घातली.

पक्षी असेल. गॅसची नळी असेल. भूक असेल. पण एलादियो हे सगळे विचार करायला तिथे होता कुठे? तो कुंपणावरून गेला. त्या कुंपणावरून याआधी फक्त मांजर गेलं होतं. घरी जाऊन पलंगाखाली शिरला तो सावल्या लांब होईपर्यंत बाहेर आला नाही. परत आला तेव्हा कड्या टम्म फुगून, आंबूस वास सोडत वाट बघत होत्या. माल वाया गेला तर दिग्ना काय म्हणेल या भीतीनं त्यानं त्या तशाच भाजल्या आणि कपाटात मागे लपवल्या.

दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत अंगठ्यानं दाबलं. मऊ. तिसऱ्या दिवशी दाबलं. मऊ! आठवडा झाला, रविवारची प्रार्थना झाली, चिपा आपली बाळाच्या गालासारखी. एलादियो रडला. मग दिग्नाकडे धावला.

दिग्नानं चिपा दाबली. हुंगली. खाल्ली. डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडला.

"पानाखाली किती वेळ ठेवली होतीस?"

"पाच तास तरी, दोन्या."

"योजनेत किती लिहिलंय?"

"चाळीस मिनिटं."

"मग हे झालंच नाही."

"दोन्या, तुम्ही आत्ता खाल्लीत!"

"अप्रतिम होती. पण झाली नाही." तिनं तोंड पुसलं. "तुला वाटतं मला आनंद आहे? आता वेळ बदलायचा म्हणजे समिती, चाचण्या, नवी मंजुरी. पुढच्या वर्षाआधी नाही. ऑडिटर येतोय या गुरुवारी. तो समोर घड्याळ घेऊन उभा राहणार, आणि चाळीस मिनिटांनी तू ती भट्टीत टाकणार, आणि तिचा दगड होणार. एप्रनचं माप देऊन ठेव."

संध्याकाळी फाटकापाशी तेरेरे सुरू झालं. बर्फाच्या पाण्यातला तो थंड, कडवट रस, एकाच शिंगाच्या पेल्यातून सगळ्यांनी पाळीपाळीनं ओढायचा. त्याबरोबर सल्ला मिळतोच. मागावा लागत नाही.

"रात्रीत आकडा बदल," सिंदुल्फो म्हणाला. आयुष्य जकात नाक्यावर गेलेलं त्याचं.

"खाडाखोड? तुरुंगात जाईन मी!"

"मग ऑडिटरला जेवायला घाल. इतकं घाल की त्याला उठता येऊ नये. पाच तास तिथेच झोपेल."

"तो दुपारी झोपत नाही म्हणे."

हे ऐकून पेला जागच्या जागी थांबला. दुपारी झोपत नाही? मग हा माणूस आहे की कोण आहे?

झुनिल्दा पायरीवर बसून शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अरे एलादियो, त्या दिवशी तू पळालास ते कशामुळे?"

"शिट्टीमुळे. किती वेळा तेच तेच विचारतेस?"

"आणि शिट्टी आल्यावर पळायचं, असं तुझ्या योजनेतच लिहिलंय ना? सावल्या लांब होईपर्यंत परत यायचं नाही. दिग्नाची सही आहे. शिक्का आहे. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तू नियमानं घाबरलास."

 खरंच की! त्या सगळ्या पोलादी योजनेत एवढी एकच फट होती, बोटभर, आणि ती म्हातारीनं ठेवली होती, तीही न कळता. फक्त एकच अडचण होती. ऑडिटर उभा असताना शिट्टी ऐकू यायला हवी.

"मग घाल की कुणीतरी!" सिंदुल्फो म्हणाला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "माझ्याकडे बघू नका. माझे दात कपाटात आहेत."

"मोबाइलवर वाजवा," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"मोबाइलला बंदी आहे खोलीत," एलादियो रडवेला होऊन म्हणाला. "मीच लिहिलंय."

"झुनिल्दा..."

"माझ्या मामांचं काय झालं माहीत आहे ना? मी नाही. मला तुझा संसार करायचाय, मधमाश्यांचा नाही."

म्हणजे उरलं कोण? इकडे टोपली, तिकडे तो कमरेएवढा. इकडे आड, तिकडे विहीर. एलादियोनं तीन रात्री उशीत तोंड खुपसून शिट्टीचा सराव केला. आवाज निघायचा नाही, आणि निघाला नाही म्हणून त्याला हायसं वाटायचं.

गुरुवारी ऑडिटर आला. लिसेन्सियादो, म्हणजे पदवीधर, ओव्हेलार. काटकुळा, त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि घाम एक थेंब नाही. त्यानं खुर्ची ओढली आणि योजना वाचायला घेतली. पहिल्या पानापासून! आजवर ती सलग कुणीही वाचली नव्हती. एलादियोनंसुद्धा नव्हती, त्यानं फक्त लिहिली होती.

"पळीला दोरी आहे. दोरी योजनेत नाही."

"नाही साहेब."

"अंडं डाव्या हातानं. फोडा." एलादियोनं फोडलं. निम्मं साहेबांच्या बुटावर. साहेबांनी शांतपणे खूण केली. "बरोबर. योजनेप्रमाणे."

जेवणाची वेळ झाली. कामगार गेले. दिग्ना गेली. ब्लासिदानं खिडकीत मधाची वाटी ठेवली, एलादियोकडे मयताला बघावं तसं बघितलं आणि तीही गेली. कड्या पानाखाली गेल्या. ओव्हेलारनं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि पान उलटलं.

"'बाहेरचे संबंधित पक्ष.' हे कोण?"

"साहेब... ते स्थानिक आहेत."

"पुरवठादार?"

"नाही, उलट आपणच त्यांना पुरवतो. मध."

"मिळाल्याचा पुरावा?"

"नंतर वाटी रिकामी असते."

"मुंग्या खात असतील."

"मुंग्या वाटी चाटूनपुसून उपडी ठेवत नाहीत साहेब."

ओव्हेलारनं चष्म्यावरून बघितलं. काय ते त्याला कळलं होतं. शेवटी तोही याच मातीतला. "इंजिनियर, मी शिकलेला माणूस आहे. ही बालकथा आहे. चाळीस मिनिटं झाली की माल भट्टीत. शिट्टीबिट्टी काही नाही."

घड्याळ टिकटिकत होतं. बाहेर ऊन तसंच, त्या दिवसासारखं. कोंबड्यांच्या सावल्या पोटाखाली. एलादियोला स्वतःचं काळीज कानात ऐकू येत होतं, आणि मधे मधे वाटायचं की ते आपलं नाहीच, खिडकीबाहेरून येतंय. काटा सरकत सरकत जवळ आला. आता नाही तर कधी! त्यानं ओठ चंबू केले आणि फुंकर मारली.

फुस्स.

"काय झालं?"

"उकडतंय साहेब."

पुन्हा केले. भीतीनं त्यानं मघाशी अख्खी सकाळची चिपा तोंडात कोंबली होती, तिचे कण साहेबांच्या कागदावर उडाले. साहेबांनी ते टिचकीनं उडवले. एलादियोनं डोळे मिटले. टोपली दिसली. आई दिसली. काकुपेच्या कुमारी मातेला त्यानं मेणबत्ती बोलली, मग दोन बोलल्या, मग म्हणाला, माते, जेवढ्या मागशील तेवढ्या, पण हा आवाज निघू दे, आणि निघाला तर कुणाला ऐकू जाऊ नये. त्यानं छाती भरून श्वास घेतला.  काही नाही निघालं.

आणि खिडकीखाली शिट्टी वाजली.

लांब. बारीक. घाई नसलेली. ज्याला माहीत आहे की 'ओ' येणारच, अशा माणसानं घालावी तशी.

ओव्हेलारचं पेन थांबलं. "तुम्ही?"

एलादियोनं आ वासून दाखवला. आत नुसता चिपाचा भुगा. 

पुन्हा वाजली. या वेळी जवळ. आणि खिडकीच्या कठड्यावर मधाची वाटी सर्र करून सरकली. एकटीच.

ओव्हेलारच्या कपाळावर दिवसातला पहिला घाम आला. तो अगदी हलक्या आवाजात, समोर बघत म्हणाला, "इंजिनियर. कलम काय म्हणतं?"

"हा... हातातलं काम टाकून..."

पुढचं ऐकायला साहेब होते कुठे? दार होतं डावीकडे, ते उजवीकडच्या खिडकीतून गेले. एलादियो कुंपणावरून गेला, आता त्याला सवय झाली होती. चौकात त्यांनी दूधवाल्याची गाडी मागे टाकली. घोडा अजून सांगतो, असं आयुष्यात पाहिलं नाही. साहेबांचा एक बूट तळ्यात पडला, दुसरा पायात राहिला, आणि दोघे चर्चच्या पायऱ्यांवर एकमेकांना चिकटून बसले. उन्हात. थंडी वाजत.

बऱ्याच वेळानं ओव्हेलार म्हणाला, "ही सावली लांब म्हणायची का?"

"नाही साहेब. अजून नाही."

"ही?"

"ही कुत्र्याची आहे साहेब. ते कुत्रंच लांब आहे."

 साहेब बिनबुटाच्या पायाकडे बघत होते. "मी लहानपणी कधीच दुपारी झोपलो नाही," ते म्हणाले. "आजी म्हणायची, एक दिवस येईल तो तुझ्यासाठी. आला नाही. शाळा झाली, कॉलेज झालं, नोकरी लागली. मला वाटलं, विसरला." ते आणखी जवळ सरकले. "इंजिनियर, तो विसरत नाही हो."

एलादियोनं त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी आपल्याहून घाबरलेलं भेटलं होतं. एवढं बरं त्याला पदवी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

चर्चच्या सावलीनं चौक ओलांडला तेव्हा दोघे परत गेले. एकमेकांना आधी आत जा म्हणत, शेवटी आडवे होऊन एकदम दारातून शिरले. पानाखाली कड्या टम्म फुगल्या होत्या. मधाची वाटी चाटूनपुसून उपडी. एलादियोनं कड्या भाजल्या आणि निवायला खिडकीत मांडल्या. साहेब लिहायला वळले, एलादियो त्यांच्या कागदाकडे वळला. परत बघतात तर ताटातली एक चिपा गेलेली. आणि शेजारच्या चिपावर एवढासा अंगठ्याचा ठसा. कुणीतरी दाबून बघितलं होतं, मऊ आहे की नाही ते.

ओव्हेलारनं ठसा बघितला. मग ताठ उभं राहून लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, जरा खिडकीकडे तोंड करून: "एक नमुना बाहेरच्या पक्षानं तपासासाठी घेतला. तक्रार नाही."

दिग्ना डुलकी काढून आली तेव्हा साहेब गाडीत बसले होते. काचा वर, दारं बंद, इंजिन चालू. मांडीवर राहिलेल्या चिपांची पिशवी. दहा दिवस दाबून बघायच्या होत्या ना.

"साहेब! पास की नापास?"

काच बोटभर खाली आली. "दहा दिवसांनी कळवतो. पण एक त्रुटी आताच सांगतो. मध कमी पडतोय. दुप्पट करा." आणि एका बुटानं गाडी मारत साहेब गेले ते गेलेच.

दहा दिवसांनी पक्कं प्रमाणपत्र आलं. एप्रन शिवायला टाकला होता तो दिग्नानं स्वतःच वापरायला घेतला. पहिली पेटी स्पेनला गेली, आणि तिकडून पोरींचं रडणं ऐकू आलं, या वेळी आनंदाचं.

एलादियोनं गावात एकेकाला धरून विचारलं, शिट्टी कुणी घातली? झुनिल्दानं मामांची शपथ घेतली. सिंदुल्फोनं कपाट उघडून दात दाखवले. ब्लासिदा म्हणाली, "मी प्रार्थनेला होते," आणि मग आवाज खाली आणून, "का रे? पुन्हा आली होती?" त्याच्यापेक्षा तीच पांढरी पडली.

"आता ते पाच तासच लिहून टाकू योजनेत," दिग्ना समितीत म्हणाली. "कटकट जाईल."

"लिहा," ब्लासिदा म्हणाली. "पण संबंधित पक्षाला विचारल्याशिवाय बदल करायचा नाही असं तुमच्या मानकात आहे ना? तो ऑडिटर सांगून गेलाय, तो पक्ष आहे म्हणून. विचारा जाऊन. दुपारी. कोण जातंय?"

कुणी हात वर केला नाही. बदल पुढच्या बैठकीवर गेला. अजून तिथेच आहे.

म्हणून आजही इताकुआत दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना एलादियो बेनेगास एकटा त्या खोलीत बसतो. खिडकीत दोन वाट्या मध, पानाखाली कड्या, समोर घड्याळ. कुंपणाजवळ त्यानं चढायला एक विटेची पायरी करून घेतली आहे. शिट्टी येईल म्हणून तो थरथर कापत असतो. आणि काटा पस्तिशीच्या पुढे सरकला, अजून काही ऐकू आलं नाही, की टोपली आठवून त्याहून जास्त कापायला लागतो. मग हळूच तिसरी वाटी काढतो.